व्हीटीमामा

वाटूर फाट्यावर तीन रस्ते भेटतात. एक जालन्याला जातो, दुसरा मंठ्याला, तिसरा परतूरला. चौथा मुंबईला जातो. तो नकाशात नाही, तो व्हीटीमामांच्या तोंडातून निघतो.

मामांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि ते तिथंच असतं. 1996 साली व्हिक्टोरिया टर्मिनसचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, 2017 साली त्यात 'महाराज' आलं, पण मामांच्या नावातली व्हीटी कोणी हलवली नाही. स्टेशनाचं नाव घ्यायची वेळ आली की मामा स्वतः ते पूर्ण घेतात, चालत असतील तर थांबून घेतात. "व्हीटी माझं नाव हाय, स्टेशनाचं न्हाई," हे ते नवख्याला बजावून सांगतात.

तालुक्यातलं कोणीही मुंबईला निघालं, मग ते परीक्षेला असो, दवाखान्याला असो की लेकीच्या बाळंतपणाला, त्यानं आधी फाट्यावरच्या हॉटेलाच्या बाकड्यावर मामांच्या शेजारी बसायचं आणि दोन चहा सांगायचे, ही रीत आहे. मामा तीन प्रश्न विचारतात. कोणत्या गाडीनं जायलास? पैसे कुठं ठिवलेस? पायात काय घालणार? उत्तरं काहीही असली तरी चालतं, कारण मामा पुढे जे सांगणार असतात ते ठरलेलं असतं. ते बशीतला चहा संपवतात, मिशी पुसतात आणि समोरच्या चौकात मुंबई मांडायला घेतात.

"हे हॉटेल म्हंजी स्टेशन. समोरची पानटपरी ती महानगरपालिका. तिला डाव्या हाताला सोडून परतूरकडं चाललास की क्राफर्ड मार्केट. जालन्याकडं गेलास की मंत्रालय, अन् मंत्रालयाच्या पुढं गेलास की भिजशील, तिथं समुद्र हाय."

"आन् मंठ्याकडं?"

"मंठ्याकडं गोदी. तिकडं आपलं काम न्हाई."

गावातलं एक पोरगं या नकाशावर मुंबईला गेलं आणि स्टेशनाबाहेर उभं राहून त्यानं एका हवालदाराला परतूरकडं कोणता रस्ता जातो म्हणून विचारलं, असं हॉटेलवाला सांगतो. पोरगं मात्र सांगतं की विचारलं बिचारलं काही नाही, डोळे मिटले, फाटा आठवला आणि सरळ क्राफर्ड मार्केटात जाऊन उभा राहिलो. मला पोराचं खरं वाटतं.

आता आमच्या मुलखाचं आणि राजधानीचं नातं जरा वेगळं आहे, ते सांगितल्याशिवाय मामा कळायचे नाहीत. एके काळी आम्हाला राजधानी पाहायला कुठं जावं लागत नव्हतं. सातवाहनांची राजधानी पैठणला होती, यादवांची देवगिरीला. 1327 साली महंमद तुघलकानं तर दिल्लीच उचलून देवगिरीवर आणायचं ठरवलं. शाळेच्या पुस्तकात त्याला वेडा म्हटलेलं असायचं, मामांना ते मान्य नाही. "माणूस शहाणा व्हता, निस्तं पाण्याचं बघितलं न्हाई," असा त्यांचा निकाल आहे. पुढे मात्र राजधान्या आमच्यापासून लांब लांब सरकत गेल्या. निजामाच्या राज्यात राजधानी हैदराबाद. 1956 साली राज्यांची फेरमांडणी झाली, आम्ही मुंबई राज्यात आलो आणि राजधानीनं पूर्वेकडचं तोंड पश्चिमेकडं केलं. परतूरच्या स्टेशनात थांबणाऱ्या एका गाडीत हा सगळा इतिहास बसलेला आहे. ती हैदराबादकडून येते, मुंबईला जाते आणि नाव लावते देवगिरी. तीन राजधान्या एका गाडीत. जनरलच्या डब्यात तेवढी चौथ्याला टेकायला जागा नसते.

मामांच्या वडिलांनी राजधानी पाहिली होती ती हैदराबादची. त्यांना आम्ही थोरले बाबा म्हणायचो. घरात एका पितळी डब्यात त्यांनी जपून ठेवलेले निजामाचे हाली शिक्क्याचे दोन रुपये होते आणि थोरल्या आजीच्या हातात लाड बाजारातून आणलेल्या लाखेच्या बांगड्या. भावकीत भांडणं बांधावरून होतात. या घरात बाप-लेकाचं भांडण राजधानीवरून व्हायचं. मामा गेट वे ऑफ इंडियाची उंची सांगायचे, 26 मीटर. बाबा तंबाखू मळत ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "बांधलं कवा?"

"1924."

"आमचा चारमिनार 1591 चा हाय. अन् त्याला नावापरमाणं चार मिनार हायेत. तुझ्या गेट वेला दार कुठंय?"

मामांकडे याचं उत्तर नव्हतं. त्यांनी एकदा कमान, वास्तुशैली, जॉर्ज विटेट नावाचा साहेब, असं काहीबाही सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, "म्हंजी दार न्हाई." बाबा गेले त्याला आता खूप वर्षं झाली, पण हा मुद्दा निकाली निघाला नाही, एवढंच इथं नोंदवतो.

मामांबरोबर मुंबईला जायचा योग मला एकदाच आला. वाटूरमध्ये माझ्या वयाच्या बहुतेकांना तो कधी ना कधी येतो, गोवरासारखा. निघायच्या आधी आठ दिवस गावभर जाहीर झालं होतं आणि मामींच्या ओट्यावर याद्या जमत होत्या. कोणाला अमुक रंगाचा ब्लाऊजपीस, त्यासाठी साडीच्या पदराचा चिमूटभर तुकडा कागदात गुंडाळून. कोणाला मिक्सरचं भांडं. कोणाला नातवाच्या बारशाला खेळणी. यातलं सगळं जालन्याला मिळतं, बरंचसं परतूरलाही मिळतं. पण 'मुंबईचं आहे' हे दोन शब्द तिथं मिळत नाहीत आणि मामा मुळात ते दोन शब्दच आणून देतात.

त्यांच्याजवळ एक खाकी लिफाफा होता. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई.' मी विचारलं, नाव का नाही घातलं?

"नाव घातलं की दर दोन-अडीच वर्सांनी लिफाफा बदलावा लागतो."

"आत काय आहे?"

"अर्ज."

"विषय?"

"विषय वरीलप्रमाणे," असं म्हणून मामांनी लिफाफा बनियनच्या आतल्या खिशात घातला.

रात्री देवगिरीत बसल्यावर मामांनी चप्पल उशाला घेतली, पैशांच्या तीन वाटण्या केल्या आणि मला कल्याणला उठव म्हणून सांगून स्वतः सबंध रात्र जागे राहिले. मी झोपलो होतो. कल्याणला त्यांनी मला उठवलं, मी त्यांना उठवलं नाही म्हणून रागावले, आणि दात घासायला निघून गेले.

स्टेशनातून बाहेर पडून आपण सगळे काय करतो? पुढे चालायला लागतो. मामा तसं करत नाहीत. ते रस्ता ओलांडून पलीकडे जातात, वळतात आणि इमारतीकडे तोंड करून उभे राहतात. "पावण्यानं घराला पाठ दावू न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मग माहिती सुरू होते आणि ती बरीचशी खरी असते, हे मी नंतर पडताळून पाहिलं. फ्रेडरिक स्टीव्हन्स हा साहेब. 1878 ला काम सुरू, दहा वर्षांत पुरं. समोरची महापालिकाही त्याच्याच हातची. 2004 पासून सबंध जगाच्या वारशात. दाराच्या खांबांवर दोन जनावरं बसवली आहेत. "सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. नीट बघ, सिंह पेंगायलाय." मी नीट बघितलं. मला दोन्ही सारखेच दगडाचे वाटले, पण मामांपुढे बोललो नाही.

"अन् वर घुमटावर बाई उभी हाय, हातात मशाल. तिचं नाव प्रगती. इतकी वर्सं उभी हाय, पर एक पाऊल पुढं टाकलं न्हाई."

तिथून परतूरच्या रस्त्यानं, म्हणजे उत्तरेला, क्रॉफर्ड मार्केट. 1869 साली उघडलेल्या या मंडईला आता महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव आहे. बाहेर भिंतीवर शेतकऱ्यांची दगडी चित्रं कोरलेली आहेत. ती 'जंगल बुक'वाल्या किपलिंगच्या वडिलांच्या कल्पनेतली. मामा त्या शेतकऱ्यांकडे बराच वेळ बघत उभे राहिले. "खाऊनपिऊन सुखी दिसतेत. कर्ज नसंल," एवढंच म्हणाले आणि आत शिरले.

आत फळांच्या गाळ्यांत एके ठिकाणी मोसंबी रचून ठेवली होती. मामांचा चेहरा पालटला. आमच्या जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, 2012-13 च्या दुष्काळात याच मोसंबीच्या बागा वाळून सरपण झालेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत, त्यामुळे मोसंबी हा आमच्याकडे फळाचा नाही, घरातल्या माणसाचा विषय आहे. मामांनी एक उचललं, अंगठ्यानं दाबलं, नाकाशी नेलं.

"कुठली?"

"जालना," फळवाला म्हणाला.

"कशी दिली?"

त्यानं भाव सांगितला. मामांनी मोसंबी खाली ठेवली. मला वाटलं, आता घासाघीस सुरू होणार. झालीही. पण उलटी.

"एवढी स्वस्त कामून?"

फळवाल्यानं असलं गिऱ्हाईक पाहिलं नसावं. तो म्हणाला, काका, मग दहा कमी करतो. मामा संतापले. "मी कमी कर म्हणायलो का? झाडाला पाणी कसं घातलं, तुला ठावं हाय का? टँकरनं घातलं. वाढव दहा." फळवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. शेवटी मामांनी स्वतःच्या जिल्ह्याची मोसंबी, सांगितल्यापेक्षा दहा रुपये जास्त देऊन, एक किलो घेतली आणि ती दिवसभर पिशवीत वागवत परत वाटूरला आणली. मामींनी विचारलं तेव्हा म्हणाले, मुंबईची आहे.

बाकी कोणत्याही वस्तूच्या बाबतीत ते इतके हळवे नाहीत. मंगळदास मार्केटात कापडाच्या गल्ल्या एकीला एक लागून आहेत, वर छप्पर, खाली ठाण आणि मध्ये बायका. तिथं मामांचं खरं रूप दिसतं. त्यांचं घासाघिशीचं शास्त्र आहे आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. मराठवाडा महाराष्ट्रात आला तो बिनशर्त, हे आमच्याकडच्या प्रत्येक भाषणात ऐकायला मिळतं. मामांनी त्यातून धडा घेतला तो असा: "एकदा बिनशर्त आलो, बास झालं. आता मुंबईत शर्त घातल्याबिगर रुमालसुद्दा घेणार न्हाई."

पदराचा तुकडा पुढे करून त्यांनी ब्लाऊजपीस काढायला लावला आणि तोंड उघडलं. आता मामा गावात बोलतात ती आमची बोली. पण व्यापाऱ्याशी बोलायचं म्हणजे हिंदी, आणि मामांची हिंदी त्यांना शाळेनं दिलेली नाही, घरानं दिली आहे.

"कित्ते को दिये जी?"

दुकानदारानं सांगितलं.

"कायकू इत्ता? नक्को, नक्को. हमना फसाव नक्को."

दुकानदारानं मापाची पट्टी खाली ठेवली. पिकल्या दाढीचा गोड माणूस होता. हसून म्हणाला, "चाचा, हैदराबाद से आए क्या?"

मी मामांकडे पाहिलं. तीस वर्षं ज्यांनी बापाच्या हैदराबादशी मुंबईच्या बाजूनं वाद घातला, त्यांना खुद्द मुंबईनं, तेही बाजारात, सर्वांसमक्ष, हैदराबादी म्हटलं होतं.

"नै जी. वाटूर."

"वो हैदराबाद में आता है?"

मामा गप्प झाले. मोठ्या माणसानं हिशेबात चूक सापडल्यावर व्हावं तसे. मग हळूच म्हणाले, "आता था."

दुकानदारानं वीस रुपये कमी केले. मामांनी ते घेतले, पण शर्त घालून मिळवल्यासारखे नाही, आहेर घ्यावा तसे घेतले. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "हे कुणाला सांगू नको." मी अजूनपर्यंत सांगितलं नव्हतं.

दुपारी आम्ही आझाद मैदानाच्या कडेला बसून दशम्या आणि ठेचा खाल्ला. तिथं कोणाचं तरी धरणं चालू होतं. मध्येच घोषणा झाली तेव्हा मामांनी घास हातात धरून 'झालंच पाहिजे' म्हटलं. काय झालं पाहिजे, मी विचारलं. "जेवायला बसल्यावर असं इचारू न्हाई," मामा म्हणाले. धरण्यातल्या एकानं आम्हाला पाणी आणून दिलं.

पुढे हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन त्याच्या शेजारीच आहे, 1864 चं. मामा त्याच्याकडे बघत नाहीत. ते बघतात ते मशाल धरलेल्या शेतकऱ्याकडे आणि कामगाराकडे. टोपी काढतात, पुन्हा घालतात, चालू लागतात. इथं त्यांनी काही माहिती दिली नाही. दिवसभरात तेवढी एकच जागा.

त्याची भरपाई त्यांनी राजाबाई टॉवरखाली केली. या टॉवरची गोष्ट त्यांना पाठ आहे आणि ती सांगताना ते फाट्यावर असोत की टॉवरखाली, मान वरच करतात. प्रेमचंद रायचंद नावाचा दलाल. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून प्रेमचंदशेटनं टॉवरसाठी दोन लाख दिले, अट एकच, आईचं नाव द्यायचं. 1878 ला टॉवर उभा राहिला, 280 फूट.

"कापसाचा पैसा हाय हा," मामा म्हणाले. "म्हंजी कुणाचा?"

"कापूसवाल्यांचा."

"म्हंजी आपला."

त्या वेळी आपण निजामाच्या राज्यात होतो, हा कापूस बहुतेक खानदेश-वऱ्हाड-गुजरातचा असेल, असं मी म्हणणार होतो. पण मामा हिशेबाला बसले होते. खिशातून बिडीच्या बंडलाचा कागद काढला, मागच्या बाजूला आकडे मांडले. दोन लाख भागिले सात हजार. त्या हंगामात क्विंटलला तेवढा भाव त्यांनी धरला होता. उत्तर आलं साडेअठ्ठावीस क्विंटल. मामांनी टॉवरकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा टॉवरकडे पाहिलं.

"चार एकराचा टॉवर हाय."

"मामा, तेव्हाचे दोन लाख म्हणजे आताचे..."

"आरं, रुपाया तो रुपायाच. माझ्या वरच्या तुकड्यात बसतोय हा टॉवर. दोन बोंडअळ्या कमी झाल्या तर घड्याळासकट बसतोय."

यापुढे दिवसभर त्यांनी मुंबई एकरांत मोजली. उच्च न्यायालय किती एकरांचं, विद्यापीठ किती एकरांचं. दुष्काळी वर्षात आलो असतो तर ही सगळी मुंबई त्यांना बरीच महाग पडली असती.

मंत्रालयासमोर आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. ही वेळ मामांनी नेमकी साधलेली असते, कारण भेटायला येणाऱ्यांना आत सोडतात ते दुपारी दोननंतर. 1955 साली इथं सचिवालय उभं राहिलं, 1975 साली त्याचं मंत्रालय झालं. "सचिवांचं राज्य गेलं, मंत्र्यांचं आलं," मामा म्हणाले, "पाटी बदलायला वीस वर्सं लागली." फाटकाजवळ पाससाठी रांग होती. धोतरं, पायजमे, कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट, बगलेत फायली, सगळ्या महाराष्ट्राच्या बोली एका रांगेत. मामांनी लिफाफ्यावर हात ठेवला, रांगेकडे पाहिलं, झाडाखालचा कट्टा पाहिला आणि बसले.

अर्धा तास गेला. मी म्हटलं, मामा, रांग?

"गर्दी हाय आज."

"मग उद्या येऊ."

"उद्या कशाला? रातच्या गाडीनं निघायचं हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडायला लागला. मी विचारलं, "मामा, तुम्ही मुंबईत मुक्काम कुठं करता?"

मामांनी चप्पल झटकली, परत घातली. म्हणाले, "देवगिरीत."

हळूहळू सगळंच बाहेर आलं. तीस वर्षांत मामा मुंबईत एक रात्र राहिलेले नाहीत. सकाळी गाडीतून उतरायचं, रात्री गाडीत चढायचं. लोकलमध्ये ते कधीच बसलेले नाहीत, कारण लोकल थांबते थोडा वेळ आणि लोक चढतात जास्त. दादर त्यांनी पाहिलं आहे, पण देवगिरीच्या खिडकीतून. सिद्धिविनायकाला गाडीतूनच हात जोडतात, अंदाजानं. मुंबई म्हणजे तेवढीच, जिथून पायी स्टेशनला परत येता येतं. 30 डिसेंबर 2023 ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली तेव्हा सगळ्या गावानं मामांचं अभिनंदन केलं होतं आणि मामा नाराज का झाले होते, ते मला त्या कट्ट्यावर कळलं. ती गाडी दुपारी बाराच्या सुमारास पोचायची आणि एकच्या पुढे परत फिरायची. "मंग काय, भिताडाला हात लावून यावं का? आट्यापाट्या खेळायलोत का?"

आणि लिफाफा? तो मी विचारला नाही. पण हेही आपोआप कळलं. घरातून 'मुंबई बघायला जातो' असं सांगून निघता येत नाही. बाईमाणसाला यात्रेचं निमित्त असतं, पोराटोरांना परीक्षेचं. पन्नाशीच्या शेतकऱ्यानं कापूस वेचणीच्या दिवसांत नुसतं हिंडायला जायचं म्हणजे गाव काय म्हणेल? काम लागतं. मामांचं काम बनियनच्या खिशात, घडी न मोडता, वर्षानुवर्षं टिकून होतं. ज्या दिवशी ते काम होईल त्या दिवशी मुंबई बंद.

मंत्रालयाच्या पुढे समुद्र आहे, हे फाट्यावरच सांगितलेलं होतं. नरिमन पॉइंटच्या कठड्यावर मामा मांडी घालून बसले. बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाले, "एवढं पाणी, अन् एक मोटार बसवलेली न्हाई."

"खारं आहे मामा."

"ठावं हाय. तरी."

गेट वेला पोचेपर्यंत दिवे लागायला आले होते. मामा कमानीखाली उभे राहिले. पंचम जॉर्ज येऊन गेला 1911 ला, दगडी कमान पुरी झाली 1924 ला. पाहुणे जेवून गेल्यावर तेरा वर्षांनी मांडव घालणारं घर आपल्यासारखंच आहे, असं त्यांचं मत. मग 28 फेब्रुवारी 1948, शेवटची गोरी पलटण याच कमानीतून बोटीकडे गेली. आमच्याकडे त्या वेळी निजामच होता, तो सुटायला 17 सप्टेंबर उजाडला. हे सगळं सांगता सांगता मामा कमानीच्या आतल्या बाजूला गेले, दगडावर हात फिरवला, वर पाहिलं, खाली पाहिलं, चौकट असावी तिथं चाचपून पाहिलं.

"काय बघता मामा?"

"काय न्हाई."

परत येताना फेरीवाल्यांकडून खेळणी घेतली, मिक्सरचं भांडं मिळालं नाही. रात्री गाडीत बसल्यावर मामांनी चप्पल उशाला घेतली आणि लगेच घोरायला लागले. मुंबईबाहेर त्यांना झोप चांगली लागते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाट्यावर आमचा प्रवास झाला. झाला म्हणजे खरा तेव्हा झाला. मी बाकड्याच्या टोकाला बसून ऐकत होतो. त्यात मी लोकलच्या गर्दीत हरवलो होतो आणि मामांनी मला दादरला शोधून काढलं होतं. मंत्रालयात पाचव्या मजल्यावर साहेबांनी 'वाटूर कुठं आलं?' विचारलं तेव्हा मामांनी टेबलावर पेपरवेट ठेवून, हे हॉटेल समजा, असं म्हणून सबंध फाटा मांडून दाखवला होता. मंगळदास मार्केटचा दुकानदारही होता. त्यानं म्हणे विचारलं, चाचा, बम्बई में कित्ते साल से हो? हॉटेलवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खरंच का रं?" मी हाव म्हटलं. दुसरं काय म्हणणार, चहा मामांच्या पैशाचा होता.

यानंतर पाच-सहा महिन्यांनी मी कामानिमित्त मुंबईहून देवगिरीनंच परत येत होतो. परतूरला उतरलो तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. फलाटावर, डब्याच्या दाराशी, मामा. धुतलेलं धोतर, हातात पिशवी, पायात नवी चप्पल. मला वाटलं, मला न्यायला आले. ते माझ्या बाजूनं वर चढले.

"मामा, ही मुंबईची नाही. हैदराबादकडं चालली."

"ठावं हाय."

"तिकडं काय काम?"

मामांनी बनियनवरून हात फिरवला. लिफाफ्याचं टोक दिसलं. 'मा. मुख्यमंत्री' तसंच होतं. त्याखालच्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी खळीनं चिकटवलेली होती, अजून ओली.

गाडी हलली. मामा दारात दांडी धरून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता, पुढं बघत म्हणाले, "चारमिनारला तरी दार हाय का, बघून येतो."